रासायनिक क्रियांना आवर घालणारी द्रव्ये

शेतात टाकलेला युरिया, इमारतीच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्या, फडताळातील तेलाची बरणी आणि कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुराचे शरीर या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. परंतु या चारही ठिकाणी अहोरात्र रासायनिक क्रिया चालू असतात आणि त्या क्रियांचा वेग किती असावा यावर मनुष्याचे हित वा अहित अवलंबून असते. युरियाचे रूपांतर फार लवकर झाले तर पिकाच्या तोंडचा घास जमिनीत मुरून जातो. लोखंडाचा प्राणवायूशी संयोग वेगाने झाला तर इमारतीचे आयुष्य घटते. उलट, शरीरातील एखादी आवश्यक क्रिया अकस्मात थांबली तर प्राणावर बेतते.

रासायनिक क्रियांचा वेग वाढविणाऱ्या उत्प्रेरकांची माहिती शालेय पुस्तकांतून दिलेली असते. क्रियांचा वेग कमी करणाऱ्या किंवा त्या अजिबात थांबविणाऱ्या द्रव्यांविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. त्यांना निरोधक द्रव्ये असे म्हणतात. शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया, औषधनिर्मिती आणि रासायनिक उद्योग या सर्व क्षेत्रांत ही द्रव्ये मोठी कामगिरी बजावत आहेत. त्यांचे कार्य समजून घेणे हे ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरणारे आहे.

निरोध म्हणजे काय?

कोणतीही रासायनिक क्रिया घडून येण्यासाठी तिला प्रारंभी काही ऊर्जा द्यावी लागते. लाकूड व हवा एकमेकांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहतात, पण काडी लावल्याखेरीज लाकूड पेटत नाही. जणू क्रियेच्या वाटेत एक घाट असतो आणि तो चढून गेल्याशिवाय पलीकडचा उतार लागत नाही. उत्प्रेरक या घाटातून कमी चढणीची दुसरी वाट काढून देतो. 'उत्प्रेरण' या अर्थाची संज्ञा स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये प्रचारात आणली.

निरोधक हा उत्प्रेरकाच्या नेमका उलट, म्हणजे घाटाची उंची वाढविणारा पदार्थ असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. निरोधक घाट उंच करीत नाही. तो वाट अडवितो. ही अडवणूक प्रामुख्याने तीन प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात निरोधक द्रव्य धातूच्या वा अन्य पदार्थाच्या पृष्ठभागावर पातळ थर धरते आणि हवा-पाण्याचा संपर्क तोडते. दुसऱ्या प्रकारात क्रिया साखळीसारखी एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे पसरत असता निरोधक मधील एक कडी स्वतःकडे ओढून घेतो व साखळी तोडतो. तिसऱ्या प्रकारात तो उत्प्रेरकालाच निकामी करतो. सजीवांच्या शरीरात उत्प्रेरकाचे काम विकरे करतात. या विकरांच्या कार्यस्थानी निरोधकाचा रेणू जाऊन बसला, की कुलपात भलतीच किल्ली अडकावी तशी अवस्था होते.

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. निरोधकाची मात्रा अत्यल्प असली तरी तिचा परिणाम मोठा असतो. म्हणूनच त्याचा लाभही मोठा आणि निष्काळजीपणाने होणारी हानीही मोठी.

सिमेंट आणि साखर

ग्रामपंचायतींच्या बांधकामांमुळे सिमेंट आता खेडोपाडी परिचयाचे झाले आहे. सिमेंटच्या कारखान्यात भट्टीतून निघालेले खडे दळताना त्यांत सुमारे ३ ते ५ टक्के जिप्सम मिसळतात. हे जिप्सम म्हणजे मंदकच होय. ते नसेल तर पाणी घालताच सिमेंट काही मिनिटांत घट्ट होऊ लागेल आणि गवंड्याला थापी फिरविण्यासही सवड मिळणार नाही. जिप्सममुळे सिमेंटमधील सर्वांत उतावीळ घटकाची पाण्याशी होणारी क्रिया मंदावते व मिश्रण कालवून, वाहून नेऊन जागेवर ओतण्यास पुरेसा वेळ मिळतो.

साखर हाही सिमेंटचा प्रभावी मंदक आहे. ५० किलोच्या एका गोणीमागे सुमारे २५ ग्रॅम साखर मिश्रणात गेली तरी सिमेंट घट्ट होण्यास काही तासांचा विलंब लागतो. हेच प्रमाण १०० ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंत गेले तर सिमेंट जवळजवळ घट्ट होतच नाही. साखर कारखान्यांच्या परिसरात काकवीची पिंपे, साखरेची रिकामी पोती वा मळीचा अंश असलेले पाणी बांधकामावर सहज येऊ शकते. बांधकामासाठी वापरण्याचे पाणी व भांडी स्वच्छ असावीत, या नियमामागील कारण अशा प्रकारे रासायनिक आहे. सिमेंट घट्ट होत नसल्यास मालाची प्रत खराब, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी पाणी व भांडी तपासून पाहणे इष्ट ठरते.

लोखंडाचा गंज

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढू लागतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया अधिक जलद होते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या गावांत पत्रे, खिळे व पंप लवकर झिजतात ते याच कारणाने. मात्र पाणी अल्कधर्मी असेल तर लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ व चिवट थर तयार होतो आणि पुढील गंज थांबतो.

काँक्रीटमधील सळ्या गंजत नाहीत याचे रहस्य येथेच आहे. सिमेंटमुळे काँक्रीटचा अंतर्भाग तीव्र अल्कधर्मी असतो आणि तोच सळ्यांचे रक्षण करतो. समुद्रातील न धुतलेली वाळू वा खारे पाणी वापरल्यास मिठातील क्लोराइड हा संरक्षक थर जागोजागी भेदते. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान वाढते, काँक्रीटला तडे जातात आणि स्लॅबचे पोपडे गळू लागतात. किनारपट्टीवरील महत्त्वाच्या बांधकामांत कॅल्शियम नायट्राइटसारखे गंजनिरोधक द्रव्य मिश्रणात घालण्यात येते. तथापि, साध्या शाळाखोलीसाठी अशा खर्चिक द्रव्यापेक्षा गोडे पाणी, स्वच्छ वाळू आणि सळ्यांवर पुरेशा जाडीचे काँक्रीट हाच पहिला व स्वस्त उपाय होय.

स्वयंपाकघरातील निरोधक

वांगी चिरल्यावर ती पाण्यात टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. चिरलेल्या फोडींतील विकर हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्यांचा रंग काळपट करते. फोडी पाण्यात बुडविल्या की प्राणवायूचा पुरवठा कमी होतो. सफरचंदाच्या फोडींना लिंबाचा रस लावल्यास त्यातील आम्लामुळे विकराचे कार्य मंदावते आणि जीवनसत्त्व 'क' काळपटपणा येऊ देत नाही.

तेल व तूप खवट होणे ही साखळीपद्धतीने चालणारी क्रिया आहे. प्रकाश, उष्णता वा धातूचा अंश यांमुळे तेलाच्या एखाद्या रेणूवर प्राणवायूची क्रिया सुरू झाली, की तो रेणू शेजारच्यास बिघडवितो आणि ही परंपरा पुढे चालू राहते. तेलबियांत नैसर्गिकरीत्या असलेले जीवनसत्त्व 'ई' ही साखळी तोडते. लोणी कढविताना त्यात विड्याचे पान टाकण्याची जुनी रीत आहे. विड्याच्या पानात प्राणवायूच्या क्रियेस विरोध करणारी द्रव्ये असल्याचे प्रयोगशाळेतील परीक्षणांत आढळून आले आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या खाद्यपदार्थांत अशाच कार्यासाठी काही कृत्रिम द्रव्ये वापरण्यास कायद्याने मर्यादित परवानगी आहे.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. निरोधक द्रव्य साखळी तोडताना स्वतः खर्ची पडते. ते संपले की तेल झपाट्याने खवट होऊ लागते. झालेला बिघाड दुरुस्त करण्याचे सामर्थ्य त्यात नसते. म्हणून शालेय पोषण आहारासाठी आणलेले तेल झाकणबंद भांड्यात, अंधाऱ्या व थंड जागी ठेवणे आणि जुन्या तेलात नवे तेल न मिसळणे अगत्याचे आहे.

युरियावर कडुलिंबाचे आवरण

शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण कडुलिंबाचे आवरण दिलेल्या युरियाचे आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. सध्या प्रचलित असलेल्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोहून थोडे अधिक नत्र शेतकऱ्याच्या हाती येते. परंतु ते सर्व पिकाला मिळत नाही. भाताच्या खाचरात दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी भाग पिकाच्या उपयोगी पडतो आणि उरलेला हवेत, पाण्यात वा जमिनीच्या खालच्या थरांत जातो.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. जमिनीत पडलेल्या युरियाचे प्रथम अमोनियममध्ये रूपांतर होते. मातीतील युरिएज नावाचे विकर हे काम काही दिवसांतच उरकते. अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहते, त्यामुळे ते सहसा वाहून जात नाही. पुढे मातीतील सूक्ष्म जीवाणू अमोनियमचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. या क्रियेस नत्रीकरण म्हणतात. नायट्रेट पिकाला घेता येते, परंतु ते मातीला धरून राहत नाही. जोराचा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरते. खाचरात पाणी साचून प्राणवायू कमी पडला, तर दुसरे जीवाणू त्याचे वायूंत रूपांतर करून हवेत सोडतात. त्यांपैकी नायट्रस ऑक्साइड हा वायू वातावरणातील उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे.

नत्रीकरण हे सजीवांचे कार्य आहे, ही गोष्टदेखील निरोधकामुळेच उघडकीस आली. १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लेसिंग आणि म्युंत्स या दोन शास्त्रज्ञांनी वाळूने भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडले. काही दिवसांनी खालून निघणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे रूपांतर थांबले. क्लोरोफॉर्म काढून टाकून मातीचे थोडे पाणी घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर क्लोरोफॉर्मने ती थांबली नसती. हे काम सूक्ष्म जीवांचे आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

नत्रीकरण मंदावले तर नत्र अमोनियमच्या रूपात अधिक दिवस मातीत टिकेल आणि पिकाला हळूहळू मिळत राहील, हा विचार त्यातूनच पुढे आला. काही देशांत त्यासाठी नायट्रापायरिन, डायसायनडायमाइड यांसारखी कृत्रिम द्रव्ये वापरात आली. भारतात १९७० च्या दशकापासून कृषी संशोधकांनी निंबोळी पेंड व निंबोळी तेल यांचे प्रयोग केले. निंबोळीतील कडू द्रव्ये अमोनियमवर पहिली क्रिया करणाऱ्या जीवाणूंचे कार्य मंद करतात, असे दिसून आले. २०१५ मध्ये केंद्र शासनाने देशात तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबोळी तेलाचे आवरण देणे उत्पादकांना बंधनकारक केले. या आवरणातील तेलाचे प्रमाण वजनाच्या किमान ०.०३५ टक्के असावे असे ठरविण्यात आले आहे. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे १६ ग्रॅम, साधारणतः तीन-चार चमचे तेल असते. अल्प मात्रेतील निरोधकाचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. शेतीसाठी सवलतीच्या दराने मिळणारा युरिया अन्य उद्योगांकडे वळविला जाण्यास अटकाव व्हावा, हाही या निर्णयामागील एक हेतू होता.

या आवरणाच्या मर्यादा शेतकऱ्यांना समजावून सांगणे तितकेच आवश्यक आहे. निंबोळी तेल मुख्यतः नत्रीकरणास आवर घालते. युरियापासून अमोनियम होण्याची पहिली पायरी त्याने फारशी अडत नाही. त्यामुळे कोरड्या जमिनीवर उन्हात युरिया फेकून दिल्यास त्यातील बराचसा नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो, मग आवरण असो वा नसो. जमिनीत ओल असताना युरिया देणे, तो मातीआड करणे आणि एकदम सर्व मात्रा न देता पिकाच्या वाढीनुसार ती विभागून देणे, या गोष्टींना पर्याय नाही. आवरण आहे म्हणून अधिक युरिया टाकण्यात तर काहीच अर्थ नाही. आवरणामुळे नत्राची जी बचत होते ती मात्रा कमी करूनच पदरात पडते.

जमिनीत मुरलेले नायट्रेट अखेरीस विहिरीच्या पाण्यात उतरते, ही बाब ग्रामपंचायतींनी विशेष लक्षात घ्यावयास हवी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानक आहे. अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात कालविलेले दूध तान्ह्या मुलास दिल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट नाहीसे होत नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. शेतातील नत्र शेतातच राहणे हा अशा रीतीने गावाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

निरोधक संपला तर

कारखान्यांत कित्येक द्रव्ये केवळ निरोधकाच्या भरवशावर साठविलेली असतात. प्लॅस्टिक तयार करण्यासाठी लागणारे स्टायरीन हे त्यांपैकी एक. स्टायरीनचे रेणू आपोआप एकमेकांस जोडले जाऊन घट्ट पदार्थ बनू शकतात. ही क्रिया होताना उष्णता बाहेर पडते, उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. हे दुष्टचक्र सुरू होऊ नये म्हणून त्यात टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल नावाचे द्रव्य दहा लाख भागांत साधारण १० ते १५ भाग इतक्या प्रमाणात मिसळतात. हे द्रव्य हळूहळू खर्ची पडत असल्याने त्याचे प्रमाण वारंवार तपासावे लागते आणि साठा थंड ठेवावा लागतो.

२०२० मध्ये विशाखापट्टणमजवळील एका कारखान्यात हे घडू शकले नाही. टाळेबंदीच्या काळात कारखाना बंद होता आणि स्टायरीनच्या टाकीतील तापमान वाढत गेले. ७ मे रोजी पहाटे टाकीतून बाष्प बाहेर पडून शेजारच्या वस्तीत पसरले. त्यात १२ जणांना प्राण गमवावे लागले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. टाकीत निरोधकाचे प्रमाण अपुरे असणे आणि तापमानावर योग्य नियंत्रण नसणे या गोष्टी राज्य शासनाच्या उच्चाधिकार समितीने केलेल्या चौकशीत पुढे आल्या. यंत्रे बंद असली तरी रसायने स्वस्थ बसत नाहीत, हा या दुर्घटनेचा धडा आहे. औद्योगिक वसाहतींलगतच्या गावांच्या पंचायतींनी जवळच्या कारखान्यांत कोणती धोकादायक द्रव्ये साठविली जातात आणि आणीबाणीच्या प्रसंगी काय करावयाचे याची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

औषध तेच, विषही तेच

मानवी शरीरात हजारो क्रिया विकरांच्या साहाय्याने चालतात. त्यांपैकी नेमक्या एखाद्या क्रियेस आवर घालणे हे आधुनिक औषधशास्त्राचे एक प्रमुख तंत्र आहे. ॲस्पिरिन वेदना व दाह निर्माण करणाऱ्या द्रव्यांची घडण रोखते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. या क्षेत्रातील संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पेनिसिलीन जीवाणूंची बाह्य भिंत बांधणाऱ्या विकरास निकामी करते. माणसाच्या पेशींना तशी भिंत नसल्यामुळे रोगजंतू मरतात आणि रोगी वाचतो.

हेच तत्त्व विषालाही लागू पडते. शेतीत वापरली जाणारी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके हे त्याचे गंभीर उदाहरण आहे. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप पोहोचविण्याचे काम ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य करते. निरोप पोहोचताच ते नष्ट झाले पाहिजे, अन्यथा स्नायू आकुंचन पावलेलाच राहील. ते नष्ट करणाऱ्या विकराचे नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज असे आहे. या विकराचा एक रेणू दर सेकंदाला ॲसिटिलकोलिनच्या हजारो रेणूंचे विघटन करतो. फॉस्फरसयुक्त कीटकनाशक या विकराच्या कार्यस्थानी घट्ट चिकटते. त्यामुळे निरोप थांबतच नाही. किडीत आणि माणसात ही यंत्रणा सारखीच असल्याने कीड मारणारे द्रव्य माणसालाही मारू शकते.

विषबाधेची लक्षणे यावरून उलगडतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. घाम, लाळ व अश्रू वाहू लागतात, उलट्या व जुलाब होतात, स्नायू थरथरतात आणि अखेरीस श्वास अडतो. विष पोटातून जावे लागते असेही नाही. घामाने भिजलेल्या कातडीतून आणि श्वासातूनही ते शरीरात शिरते. शिवाय निकामी झालेल्या विकराची भरपाई होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून रोज थोडे थोडे विष अंगावर घेणाऱ्या मजुरास पहिल्या काही दिवसांत काहीच जाणवत नाही, आणि मग एके दिवशी नेहमीच्याच कामानंतर तो कोसळतो. "इतके दिवस फवारतो आहे, काही झाले नाही," या समजुतीत किती धोका आहे हे यावरून ध्यानी येईल.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. निरनिराळी कीटकनाशके एकत्र मिसळणे, डोक्याइतक्या उंच वाढलेल्या पिकात शिरून फवारणे आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे त्या वेळी चर्चिली गेली. त्या सर्व घटनांत एकाच प्रकारचे औषध कारणीभूत होते असे नाही; परंतु फॉस्फरसयुक्त औषधांचा त्यांत समावेश होता.

या विषबाधेवर उपचार आहेत, मात्र ते वेळेवर मिळाले पाहिजेत. ॲट्रोपीन हे औषध वाहत राहिलेल्या निरोपांचा परिणाम रोखते. प्रॅलिडॉक्सिम हे विकरास चिकटलेले विष सोडवून काढण्यास साहाय्य करते. तथापि, जसजसा वेळ जातो तसतशी ही चिकटण पक्की होत जाते आणि मग प्रॅलिडॉक्सिमचा उपयोग राहत नाही. म्हणून रोग्यास तात्काळ शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे, त्याचे कपडे काढून अंग साबणपाण्याने स्वच्छ धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि औषधाचा डबा वा वेष्टन डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत न्यावे. दूध वा तूप पाजणे, मुद्दाम उलटी करविणे किंवा घरी वाट पाहत बसणे यांत अमूल्य वेळ जातो. वेष्टनावरील लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी औषध दर्शवितो. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा क्रम लागतो. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही रंगांची ही भाषा शिकविता येते.

याच विकराचा निरोध उपकारकही ठरतो, हे विशेष होय. नागाच्या विषामुळे मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचणे बंद होते. अशा रुग्णास प्रतिसर्पविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन हे औषध ॲट्रोपीनसह देण्यात येते. निओस्टिग्मिन तेच विकर काही काळापुरते रोखते. त्यामुळे ॲसिटिलकोलिन साठत जाते आणि विषाचा अडथळा ओलांडून स्नायूंपर्यंत निरोप जाऊ लागतो. क्रिया तीच, निरोधही तोच. फरक आहे तो मात्रेचा, काळाचा आणि जाणकार हाताचा.

एक इशारा

निरोधक आपले काम चोख बजावतो एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसू नयेत म्हणून टेट्राएथिल लेड हे शिसेयुक्त द्रव्य उपयोगी पडते, असे अमेरिकेत १९२१ मध्ये आढळून आले. ते स्वस्त होते आणि अल्प मात्रेत गुणकारी होते. परंतु धुरातून बाहेर पडणारे शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले. धूर शुद्ध करण्यासाठी वाहनांत बसविलेल्या उत्प्रेरकांनाही हे शिसे निकामी करीत असे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली देशभर बंद झाली आणि जगातून ते २०२१ मध्ये हद्दपार झाले. एक गैरसोय टाळण्यासाठी स्वीकारलेल्या द्रव्याची किंमत अनेक पिढ्यांना मोजावी लागली.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

निरोधकांचे कार्य दाखविणारे प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतील. एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी आणि तिसरीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन प्रत्येकीत एक स्वच्छ लोखंडी खिळा टाकावा. आठ-दहा दिवसांत पहिल्या दोन बाटल्यांतील खिळ्यांवर गंज दिसू लागतो. सोड्याच्या पाण्यातील खिळा मात्र बहुधा चकचकीत राहतो. काँक्रीटमधील सळीचे रक्षण कसे होते हे विद्यार्थ्यांना यावरून प्रत्यक्ष पाहता येईल. सफरचंदाच्या दोन फोडींपैकी एकीस लिंबाचा रस लावून अर्ध्या तासाने तुलना करणे हा त्याहूनही सोपा प्रयोग आहे.

ग्रामपंचायतींना खरीप हंगामापूर्वी कृषी सहायक व आरोग्य कर्मचारी यांच्या सहकार्याने एक बैठक घेता येईल. युरिया केव्हा व कसा द्यावा, फवारणी कोणत्या वेळी व कोणत्या पेहरावात करावी, जवळच्या रुग्णालयात विषबाधेवरील औषधे उपलब्ध आहेत किंवा नाहीत आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली होती, या चार प्रश्नांची उत्तरे त्या बैठकीत मिळविली तरी पुष्कळ कार्य साधेल. फवारणी करणारे मजूर बहुधा भूमिहीन असतात आणि औषधाचे वेष्टन त्यांच्या हाती कधी पडतही नाही. औषध विकत घेणारा एक आणि ते अंगावर घेणारा दुसरा अशी स्थिती असल्याने मजुरांना बैठकीस आवर्जून बोलावणे हे पंचायत सदस्यांचे कर्तव्य ठरते.

गोणीतील १६ ग्रॅम तेल शेतातील नत्र राखते, आणि कातडीवाटे शिरलेले विषाचे काही थेंब धडधाकट माणसाचा श्वास थांबवितात. या दोन्हींमागील नियम एकच आहे. तो नियम ज्या गावाला समजला, त्या गावाची खतावरील बचत वाढेल आणि हंगामाच्या अखेरीस फवारणीला गेलेला प्रत्येक जण सुखरूप घरी परतेल.